टिगचा करंट: पायाने सांभाळावा की हाताने?

प्रश्न: उद्यमबागेत आमचे छोटे फॅब्रिकेशनचे शेड आहे. डेअरी आणि हॉटेलांसाठी स्टेनलेस स्टीलची टेबले, टाक्या व पाइपजोडणी हे आमचे मुख्य काम आहे. ॲल्युमिनियमचे काम अधूनमधून येते; त्यात मोटारसायकलची इंजिन कव्हरे आणि हलक्या चौकटी असतात. आजवर डी.सी. मशीनवर टॉर्चच्या साध्या बटणानेच टिगचे (टंगस्टनच्या टोकाने आर्क पेटवून आर्गॉन वायूच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगचे) काम भागले. आता ए.सी.-डी.सी. मशीन घेत आहोत. विक्रेते वेल्ड चालू असताना पायाने करंट कमी-जास्त करणारे फूट पेडल घ्या म्हणतात, तर शेडमधले जुने वेल्डर टॉर्चवरच्या चाकाचा कंट्रोल घ्या, पाय अडकवून ठेवू नका, असे सांगतात. आम्ही काय घ्यावे?
– एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर: आपल्या कामाचे स्वरूप पाहता पेडल घ्यावे आणि साध्या बटणाची एक टॉर्च बाहेरच्या कामासाठी हाताशी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या जुन्या वेल्डरांचे म्हणणेही खोटे नाही. ज्या कामात त्यांचे हात तयार झाले, त्या कामात पाय एका जागी अडकवून चालत नाही. निर्णय करताना दोन गोष्टी पाहाव्यात: वेल्ड चालू असताना जॉबमधली उष्णता किती बदलते, आणि त्या वेळी वेल्डर बसलेला असतो, उभा असतो की कुठे तरी आडवा झालेला असतो.

आधी ॲल्युमिनियमचे पाहू, कारण पेडलाची खरी गरज तिथेच कळते. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणूनच तो थर फोडणारा ए.सी. करंट लागतो. शिवाय हा धातू स्टेनलेस स्टीलच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक सहजतेने उष्णता वाहून नेतो. त्यामुळे थंड जॉबवर आर्क पेटवला की काही क्षण पृष्ठभाग नुसता उजळतो आणि धातू हलत नाही, कारण दिलेली सगळी उष्णता आजूबाजूला पसरत असते. त्या वेळी भरपूर करंट हवा असतो. वेल्ड अर्ध्यावर येईपर्यंत सगळा तुकडा तापलेला असतो, आणि कडेजवळ पोचल्यावर उष्णतेला पुढे जायला धातूच उरत नाही. सुरुवातीला जो करंट अपुरा वाटत होता, तोच आता कड वितळवून खाली पाडतो. साध्या बटणावर एकच आकडा धरून काम करणारा वेल्डर मग हाताचा वेग वाढवून किंवा जास्त फिलर (जोडात वितळवायची धातूची तार) घालून हे सांभाळतो. कसलेल्या माणसाला ते जमते, पण इंजिन कव्हरासारख्या भागावर, जिथे जाड बोळा आणि पातळ भिंत शेजारी शेजारी असतात, तिथे त्याचीही दमछाक होते. पेडलावर हा सारा बदल पायाच्या पंजातून होतो, आणि टॉर्चचा हात व फिलरचा हात आपापल्या कामाला मोकळे राहतात.

वेल्ड संपवण्याची वेळ ही याहूनही नाजूक असते. ॲल्युमिनियमवर आर्क एकदम तोडला तर शेवटच्या ठिपक्याच्या मध्यभागी खळगा पडतो, आणि थंड होताना आकसणारा धातू तिथेच चिरतो. 6061 जातीच्या ॲल्युमिनियममध्ये हा दोष विशेष दिसतो. पेडल असेल तर पंजा सावकाश वर घ्यावा. चकचकीत वितळलेला गोल आकसू लागतो. तो निम्मा झाला की फिलरचा आणखी एक थेंब द्यावा, पंजा आणखी सैल करावा, आणि आर्क विझल्यावरही टॉर्च तिथेच स्थिर धरावी. नंतर वाहणारा आर्गॉन थांबेपर्यंत ती हलवू नये. दर 10 अँपिअरला साधारण 1 सेकंद गॅस पुढे चालू राहावा, असा ठोकताळा आहे. ही सवय लागली की टंगस्टन काळे पडत नाही आणि शेवटच्या टोकाला भेगही जात नाही.

स्टेनलेस स्टीलवर गरज वेगळी असते. डेअरीच्या 1.6 मिलिमीटर पाइपला उष्णता कमी पडण्यापेक्षा जास्त होण्याचीच धास्ती असते. 450 ते 850 अंशांच्या पट्ट्यात 304 जातीचे स्टील जास्त वेळ राहिले तर त्यातले क्रोमियम कार्बनशी बांधले जाते आणि जोडाच्या बाजूची जागा गंजाला बळी पडू शकते. आतल्या बाजूने आर्गॉन सोडलेला नसेल, तर करंट कितीही नेमका ठेवला तरी मुळाशी साखरेच्या दाण्यांसारखा काळा, खरखरीत थर धरतो आणि दुधाच्या पाइपला तो चालत नाही. पेडलाने हा दोष जाणार नाही, हे आपल्या माणसांना आवर्जून सांगावे. लांब, सरळ जोडावर मात्र एकदा बरोबर जमलेला करंट फारसा बदलावा लागत नाही. तिथे बटणावरचा चढता-उतरता करंट आणि पल्स (ठरावीक लयीत कमी-जास्त होणारा करंट) पुरेसा ठरतो. आपले आजवरचे काम साध्या बटणावर भागले, त्याचे कारण हेच आहे.

पेडल घेतल्यावर बहुतेक जण मशीनवरचा आकडा भलताच ठेवतात. पेडल पूर्ण दाबल्यावर मिळणारा सर्वांत जास्त करंट म्हणजे पॅनेलवरचा आकडा. जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे 40 अँपिअर हा हिशेब आरंभासाठी ठीक आहे. स्टेनलेसला त्याहून थोडे कमी पुरते. म्हणजे 3 मिलिमीटर ॲल्युमिनियमला 120 अँपिअरच्या आसपास लागतील, तेव्हा पॅनेलवर 140 ते 150 ठेवावेत, म्हणजे थंड सुरुवातीला थोडी शिल्लक राहते. तिथेच 200 ठेवले तर पेडलाचा वरचा बराच प्रवास वाया जातो आणि उरलेल्या प्रवासात पंजाच्या किंचित हालचालीने करंट उसळतो. नवशिक्या वेल्डरला पेडल 'चंचल' वाटते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

पाय कसा ठेवायचा, हेही शिकवावे लागते. टाच जमिनीवर किंवा पेडलाच्या तळपट्टीवर टेकलेली असावी आणि हालचाल केवळ पंजाची असावी. वेल्डर बसून काम करत असेल तर हे सहज जमते. उभ्याने तासन्‌तास पेडल चालवले की शरीराचा सगळा भार एका पायावर येतो आणि संध्याकाळी कंबर बोलू लागते. आपल्या टेबलाची उंची बदलता येत नसेल तर एक उंच स्टूल करून घ्यावे आणि पेडल त्या उंचीला साजेशा लाकडी खोक्यावर ठेवावे. फरशीवर पेडल सरकत असेल तर खाली रबराचा तुकडा टाकावा.

टॉर्चवरच्या चाकाच्या कंट्रोलविषयी मला आदर आहे, पण आपल्या पहिल्या खरेदीसाठी तो मी सुचवणार नाही. अंगठ्याने किंवा तर्जनीने चाक फिरवताना टॉर्च किंचित हलते, आणि टिगमध्ये आर्कची लांबी एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी उष्णता बदलते. जाड हातमोजे असतील तर चाकाचा अंदाज येत नाही. नऊ नंबरची छोटी, 125 अँपिअरची टॉर्च घेतली, तर तिच्या हलकेपणाचा अर्धा फायदा या कंट्रोलच्या फुगवट्यात आणि जादा वायरीत जातो. हे सारे सरावाने सुटते. मात्र शेडमध्ये बसून होणाऱ्या कामासाठी तो सराव करण्याचे कारण दिसत नाही.

पैसे देण्यापूर्वी एक गोष्ट डोळ्यांनी पाहावी: मशीनच्या पुढच्या बाजूला पेडल किंवा चाक जोडायचे रिमोटचे सॉकेट आहे का. स्वस्तातल्या कित्येक इन्व्हर्टर मशीनांना ते नसतेच, आणि मग पेडलही नाही आणि चाकही नाही.

प्रश्न: चिकोडी तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी कंत्राटी वेल्डर आहे. गाळप बंद झाले की दुरुस्तीच्या काळात रसाच्या स्टेनलेस पाइपांचे जोड परांचीवर उभे राहून, कधी आडवे पडून मारावे लागतात. आमच्या ठेकेदारांनी पेडल आणले आहे, पण ते वर नेऊन ठेवायला जागा नसते. चाकाचा कंट्रोल मागावा का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर: आपल्या कामात पेडल नको, हे आपण स्वतःच ओळखले आहे. परांचीच्या फळीवर एका पायाने पेडल दाबत दुसऱ्या पायावर तोल सांभाळणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ठेकेदारांना तसे निःसंकोच सांगावे. मात्र चाकाच्या आधी चार टप्प्यांचे बटण वापरून पाहावे. बटण दाबून धरले की आर्क कमी करंटवर पेटतो आणि जोड नेमका दिसतो. सोडले की ठरवलेल्या वेळात करंट मुख्य आकड्यावर चढतो. पुन्हा दाबले की उतरू लागतो. सोडले की आर्क विझतो. मधल्या सगळ्या वेळात बोट मोकळे राहते. पाइपवर टॉर्चच्या तोंडाचा सिरॅमिक कप टेकवून मनगटाने डोलवत जाण्याची आपली पद्धत असेल तर हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण मनगटाबरोबर बोटांची पकड सतत बदलते आणि त्या अवस्थेत चाकावर अंगठा स्थिर राहत नाही.

चाकाचा उपयोग आपल्याला दोन ठिकाणी होईल: जोडातली फट कुठे अरुंद, कुठे रुंद असते तिथे, आणि पाइपाच्या खालच्या बाजूने वर येताना. असे जोड रोज येत असतील तर जरूर मागावा. घेताना चाक पुढे-मागे फिरणारे आहे की डावी-उजवीकडे, हे टॉर्च आपल्या नेहमीच्या पकडीत धरून पाहावे. काही कंट्रोलमध्ये चाकाच्या सुरुवातीलाच 'टक्' होऊन आर्क चालू होतो. काहींत बटण वेगळे असते. खाली डोके करून काम करताना वेगळे बटण बरे पडते, कारण चाक पूर्ण मागे नेण्याच्या नादात आर्क अवेळी विझत नाही.

प्रश्न: माझ्या मुलाने आय.टी.आय.मधून वेल्डरचा कोर्स केला. लहानपणापासून त्याचा उजवा पाय अधू आहे. टिगचे काम पायाच्या पेडलाशिवाय होत नाही, असे एका ठिकाणी त्याला सांगून परत पाठवले. हे खरे आहे का?
– एक आई, निपाणी

उत्तर: हे खरे नाही, आणि त्याला असे सांगितले गेले याचे मला वाईट वाटते. डाव्या पायात जोर असेल तर पेडल डाव्या पायानेही तितकेच चांगले चालते. त्यासाठी मशीनमध्ये काही बदलावे लागत नाही आणि जोरही फार लागत नाही. बसून काम करताना पेडल टेबलाच्या पायाला आडवे पक्के बांधून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने दाबण्याचीही युक्ती करता येते. आणि पेडल अजिबात नको असेल तर वर सांगितलेले चार टप्प्यांचे बटण किंवा टॉर्चवरचे चाक आहेच. काही मशीनांवर वेल्ड चालू असताना बटण क्षणभर दाबले की करंट आधीच ठरवलेल्या खालच्या आकड्यावर येतो आणि पुन्हा दाबले की मुख्य आकड्यावर जातो. ॲल्युमिनियमवरसुद्धा त्याच्या आधारे चांगले काम करता येते.

त्याला सरावासाठी एक गोष्ट सुचवतो. 3 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, फिलर न घेता, टॉर्च एका जागी स्थिर धरून वितळलेला गोल 6 मिलिमीटरचा करावा, तो तेवढाच टिकवून धरावा, मग लहान करावा आणि पुन्हा वाढवावा. बोट असो वा डावा पाय, डोळ्यांना दिसणाऱ्या गोलाशी त्याची गाठ बसली की मगच पुढे सरकत फिलर घालायला घ्यावा. स्टेनलेसच्या छोट्या फिटिंगचे, जॉब फिरवणाऱ्या टेबलावर बसून होणारे काम तर त्याच्यासाठी अगदी योग्य आहे. पुन्हा कुठे काम मागायला जाईल तेव्हा त्याने असा मारलेला एक जोड सोबत न्यावा.

प्रश्न: आमचे पेडल दाबताना मध्येच करंट उसळतो आणि पडतो. पेडल दुसऱ्या कंपनीचे आहे. दोष मशीनचा की पेडलाचा?
– एक वाचक, मच्छे

उत्तर: आधी पेडल तपासावे. पेडलाच्या आत एक पोटेन्शिओमीटर असतो आणि पंजाच्या हालचालीने त्याचा रोध बदलतो. आजूबाजूला फाउंड्रीची बारीक वाळू आणि ग्राइंडिंगची धूळ उडत असेल, तर ती त्याच्या पट्टीवर बसते आणि संपर्क तुटक होतो. मशीन बंद करून पेडलाचा प्लग काढावा, मल्टिमीटर ओहमवर ठेवून त्याची टोके पोटेन्शिओमीटरच्या मधल्या आणि एका कडेच्या पिनेला लावावीत आणि पेडल अगदी सावकाश दाबावे. आकडा एकसंध चढला किंवा उतरला पाहिजे. मध्ये तो उडत असेल तर पोटेन्शिओमीटर बदलावा. आकडा नीट बदलत असूनही आर्क उसळत असेल, तर मशीनला अपेक्षित रोध आणि पेडलातला रोध एकच आहे का, तसेच प्लगच्या पिनांची जोडणी त्या मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे आहे का, हे पाहावे. प्लग नेमका बसला म्हणजे जोडणी जुळली असे होत नाही. वेगवेगळ्या कंपन्या तोच प्लग वेगळ्या जोडणीने वापरतात. नवा पोटेन्शिओमीटर बसवल्यावर पेडलाच्या फटी बंद करून घ्याव्यात आणि पावसाळ्यात ते ओल्या फरशीवर न ठेवता फळीवर ठेवावे.