सकाळी डाग, दुपारी वाकलेले ट्रे

प्रश्न : आमच्या व्हॅक्यूम फॉर्मिंगमध्ये (तापवलेली प्लास्टिक शीट हवा ओढून मोल्डवर, म्हणजे साच्यावर बसवणं) एचआयपीएस (कणखर पॉलिस्टायरिन प्लास्टिक) ट्रेवर सकाळी लाटांसारखे डाग पडतात, दुपारी ट्रे वाकतात. शीट खराब असेल का? – एक वाचक, रबाळे

उत्तर : शीटला दोष देण्याआधी मोल्डचं तापमान बघा. सकाळी मोल्ड गार असतो. शीट टेकते तिथेच गोठते, म्हणून डाग. हीटर वाढवू नका, शीट जास्त लोंबते आणि कोपरे पातळ होतात. त्याऐवजी टेम्परेचर कंट्रोलरने (ठरलेल्या तापमानाचं पाणी फिरवणारं यंत्र) मोल्डमधून पाणी फिरवून तो आधीच ६० ते ६५ अंशांवर आणा. दुपारी मोल्ड तापत जातो, ट्रे मऊ असतानाच निघतो आणि बाहेर वेडावाकडा आकसतो. मोजमाप मोल्डच्या पृष्ठभागावर घ्या, अनेक ठिकाणी. पाण्याच्या आत-बाहेरच्या तापमानात ३ अंशांहून जास्त फरक असेल तर प्रवाह वाढवा. तरीही फरक राहिला तर मोल्डमधल्या पाण्याच्या चॅनलमध्ये साचलेला क्षार काढा.