इनेस पेद्रोची कोण लागत होती? 'कोमाद्रे' या शब्दाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. चौदाव्या शतकातल्या पोर्तुगालची इनेस द कास्त्रो आणि राजपुत्र पेद्रो यांची गोष्ट एक जण मराठीत लिहीत आहेत. समोरच्या इंग्रजी पुस्तकात म्हटले आहे की इनेस पेद्रोच्या मुलाची गॉडमदर झाली आणि त्यामुळे दोघांचे लग्न निषिद्ध ठरले. त्यांनी 'धर्ममाता' लिहिले, पण मुलाच्या धर्ममातेशी मुलाच्या बापाने लग्न का करू नये, हे त्या वाक्यातून वाचकाला उमगत नाही. पोर्तुगीज मजकुरात 'कोमाद्रे' असा निराळाच शब्द दिसतो. त्याला मराठीत काय म्हणावे, 'धर्मबहीण' चालेल का?

'धर्मबहीण' नको. आणि 'धर्ममाता' चूक नसले तरी ते बाळाच्या बाजूने आहे. इनेस बाळाची धर्ममाता. बाळाच्या बापाची ती कोण, हे सांगणारा शब्द म्हणजे कोमाद्रे. फोड केली तर 'सह-आई'. पुरुष असेल तर कोंपाद्रे, 'सह-बाप'. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वेळी मूल हातात धरणारी व्यक्ती आणि मुलाचे खरे आईबाप हे त्या क्षणापासून एकमेकांचे कोंपाद्रे-कोमाद्रे होतात. इंग्रजीत या नात्याला आज प्रचारात शब्दच उरलेला नाही, म्हणून इंग्रजीवरून आलेल्या मराठीत ते गळून पडते आणि सगळ्या कथेची खीळच निसटते.

नाते समजायला आपल्याला खरे तर जड जाऊ नये. दोन मोठी माणसे मुलांमुळे एकमेकांची कोणीतरी लागतात, हे मराठीला अगदी पाठ आहे. व्याही आणि विहीण हे दुसरे काय आहे? तिथे मुलांचे लग्न नाते घडवते, इथे बाळाच्या डोक्यावरचे पाणी. ठेवण तीच. पण म्हणून 'विहीण' शब्द इनेसला लावता येणार नाही, कारण वाचक लगेच वरात शोधू लागेल.

आता निषेधाचे. धर्मबाप आणि त्याने हाती धरलेली मुलगी यांच्या लग्नाला सम्राट जस्टिनियनने 530 साली कायद्याने बंदी घातली. कारण असे की देवाच्या मध्यस्थीने जुळलेल्या या बंधाइतकी पितृतुल्य माया दुसरी नाही. पुढे 692 साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने ही बंदी मुलाच्या आईपर्यंत नेली. ती विधवा झाली तरी मुलाच्या धर्मबापाने तिच्याशी लग्न करायचे नाही, कारण आत्म्याचे नाते देहाच्या नात्याहून वरचे. हे वाक्य नीट लक्षात ठेवावे, कारण आपले बहुतेक मराठी पर्याय नेमके इथे पडतात. 'मानलेली बहीण', 'धर्मबहीण' म्हटले की मराठी कानाला अर्थ लागतो तो 'सख्खी नव्हे, नुसती मानलेली' असा. चर्चच्या कायद्यात उलटे होते. हे नाते रक्ताच्या बरोबरीचे, किंबहुना त्याहून पवित्र धरले जाई. त्यात 'मानलेले' काही नव्हते.

अशा नात्याचा राजवाड्यात उपयोग होणार हे उघड आहे. आठव्या शतकातल्या एका फ्रँक बखरीत किस्सा आहे. राजा खिल्पेरिक मोहिमेवर असताना राणी औदोवेराला मुलगी झाली. स्नानसंस्काराला धर्ममाता वेळेवर येईना. फ्रेडेगुंड नावाच्या दासीने राणीला भरीस घातले की बाईसाहेब, तुमच्या तोडीची दुसरी कोण मिळणार, तुम्हीच धरा मुलीला. राणीने धरले. राजा परतला तेव्हा दासीने त्याला सांगितले की राणी आता तुमची कोमाद्रे झाली, तिच्या शेजेवर तुम्हाला जाता येत नाही. राणी मठात गेली आणि कालांतराने फ्रेडेगुंड राणी झाली. किस्सा रचलेला असेलही. पण रचणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना हे नाते किती पक्के वाटत होते, ते त्यातून कळते.

रचलेले नाही असे उदाहरण फ्रान्सच्या राजा रोबेर दुसऱ्याचे. बर्था ही ब्लुआच्या सरदाराची विधवा. रोबेरने तिच्याशी लग्न केले तेव्हा दोन हरकती निघाल्या. एक, दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी होत्या, म्हणजे रक्ताचे नाते निघत होते. (बारकाईने बघितले तर रोबेरची बापाकडची आजी आणि बर्थाची आईकडची.) दुसरी हरकत, बर्थाच्या एका मुलाचा रोबेर धर्मबाप होता. पोप ग्रेगरी पाचवे यांनी लग्न मोडायला फर्मावले, सात वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले आणि लग्न लावणाऱ्या आर्चबिशपलाही धारेवर धरले. काही वर्षे तग धरून शेवटी रोबेरने बर्थेला सोडले. नंतरच्या काळात पीटर डेमियन या धर्मपंडिताने रंगवून सांगितले की राजाला असे वाळीत टाकले गेले की जवळ दोनच नोकर उरले आणि तेही राजा जेवला ती भांडी विस्तवात टाकत. मराठी वाचकाला 'बहिष्कार' हा शब्द इथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता पेद्रोकडे. त्याचे लग्न झाले कोन्स्तान्साशी. ती कास्तीलच्या (आजच्या स्पेनमधल्या शेजारच्या राज्याच्या) बड्या सरदाराची मुलगी. तिच्याबरोबर 1340 च्या सुमारास पोर्तुगालला आलेल्या सख्यांमध्ये इनेस होती. गालिसियाच्या कास्त्रो घराण्यातली, पण औरस नव्हे. पेद्रो तिच्यावर भाळला. परंपरा सांगते की कोन्स्तान्साला पहिला मुलगा लुईस झाला तेव्हा तिने मुद्दाम इनेसलाच धर्ममाता केले. भांडण नाही, आकांडतांडव नाही. एका धर्मविधीने तिने नवरा आणि सखी यांच्यात अशी भिंत घातली की पुढे ती स्वतः मेली तरी ती भिंत उभी राहावी. बाळ मात्र थोड्याच दिवसांत गेले. मूल गेले म्हणून कोमाद्रेचे नाते जात नाही, आणि कोन्स्तान्साच्या डावाची खरी मख्खी तीच होती. मला या कथेत कुणाच्या बुद्धीचे कौतुक वाटत असेल तर ते हिच्या.

नुसता 'धर्ममाता' शब्द वापरला तर हा डाव वाचकाला दिसतच नाही. त्याला वाटते, कोन्स्तान्साने सखीचा मान केला.

पुढचे दरबारी राजकारण बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून भराभर सांगतो. राजा अफोन्सो चौथा याने इनेसला सरहद्दीपलीकडच्या आल्बुकेर्कच्या किल्ल्यात धाडले. कोन्स्तान्सा वारल्यावर पेद्रोने इनेसला परत आणले. तिला मुले झाली. तिचे भाऊ पेद्रोच्या कानाशी लागले, त्याने कास्तीलच्या गादीवर हक्क सांगावा म्हणून रेटू लागले. कोन्स्तान्साचा मुलगा फर्नांदो लहान, त्याच्या वारशाची काळजी दरबाराला लागली. 7 जानेवारी 1355 रोजी कोइंब्रा येथे राजाच्या संमतीने तीन सरदारांनी इनेसला ठार केले. 1357 मध्ये पेद्रो राजा झाला. कास्तीलशी पळपुट्यांची अदलाबदल करून त्याने तिघांपैकी दोघांना परत मिळवले आणि त्यांची काळजे उपटून काढवली. तिसरा निसटला.

शब्दाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते 1360 साल. जून महिन्यात कान्तान्येद येथे पेद्रोने शपथेवर जाहीर केले की सुमारे सात वर्षांपूर्वी ब्रागान्सा येथे आपण इनेसशी गुपचूप लग्न केले होते. साक्षीला एक धर्मगुरू (जो तोवर बिशप झाला होता) आणि एक सेवक. तारीख मात्र राजाला आठवत नव्हती! जोडीला पोप जॉन बाविसावे यांचे नात्यातल्या लग्नाला मुभा देणारे 1325 चे पत्र पुढे केले गेले. 1325 मध्ये पेद्रो पाच वर्षांचा होता. आव्हीन्योंमध्ये (पोप तेव्हा रोमऐवजी तिथे राहत) या लग्नाला मान्यता मिळाली नाही. आणि पंचवीस वर्षांनी, 1385 मध्ये, गादी कुणाची हे ठरवायला कोइंब्राला सभा बसली तेव्हा जुआंव दश रेग्रश या कायदेपंडिताने हेच मुद्दे बाहेर काढले. लग्न सिद्ध होत नाही, पोप इनोसंट सहावे यांनी ते मान्य केलेले नाही, तेव्हा इनेसची मुले औरस नाहीत. गादी गेली जुआंवकडे, जो पेद्रोचाच, पण तिसऱ्याच बाईपासून झालेला मुलगा. त्याच्या अनौरसपणाबद्दल वादच नव्हता, त्यामुळे सभेने त्याला निवडून घेतले. वकिली ती अशी.

(मेलेल्या इनेसला सिंहासनावर बसवून दरबाऱ्यांना तिच्या हाताचे चुंबन घ्यायला लावले, ही गोष्ट सगळे सांगतात. तिला जुन्या बखरीत आधार नाही, ती पुढच्या शतकांतल्या नाटकांनी रुजवली. तिचे शव आल्कोबासाच्या मठात हलवले आणि दोघांच्या शिल्पमढित शवपेट्या तिथे आहेत, हे मात्र खरे.)

तर मराठी शब्द. निषेधाचा भाग सांगायला संस्कृतातून आलेला 'अगम्या' (जिच्याशी संग निषिद्ध ती) हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो. धर्मशास्त्रातही रक्ताचा संबंध नसलेल्या स्त्रिया अगम्या ठरतात. गुरुपत्नी ही ठळक, आणि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मित्राची स्त्री त्याच रांगेत बसवली आहे. पण हा शब्द फक्त मनाई सांगतो, नाते सांगत नाही. शिवाय नाते एकमेकांचे असताना अगम्या फक्त बाई ठरते. निवेदनात एकदा वापरावा, पात्राच्या तोंडी घालू नये.

नात्याचा शब्द आपल्याच अंगणात आहे, आणि तो वसईत आहे. तिथल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात, आणि हे नाव पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून आले अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा शब्द यायला वेळ भरपूर मिळाला. एकमेकांच्या मुलांना हाती धरणारे ते कोंपाद्रे, आणि सगळा गावच एकमेकांचा कोंपाद्रे झाला की ते समाजाचे नाव होते. गंमत म्हणजे ज्या 'पाद्रे'वरून आपण 'पाद्री' घेतला तोच 'कोंपाद्रे'च्या पोटात आहे. एकात द राहिला, दुसऱ्यात झिजला. अर्थात 'कुपारी' आज एका समाजाचे नाव आहे, तेव्हा 'इनेस पेद्रोची कुपारी होती' असे लिहिले तर भलताच घोटाळा होईल. टीपेत सांगावे, मजकुरात नको.

इतर भाषांत हे नाते घसरत घसरत कुठे गेले तेही पाहण्यासारखे आहे. इंग्रजीत त्याला एके काळी 'गॉडसिब' म्हणत, म्हणजे देवाकडून लागणारे नातलग. तोच शब्द झिजून आजचा 'गॉसिप' झाला. फ्रेंचमध्ये 'कोमेर'चे तेच, आज अर्थ कुचाळक्या करणारी बाई. बाळंतिणीच्या खोलीत जमणाऱ्या बायकांकडे पुरुष कोणत्या नजरेने बघत, याचा हा पुरावा म्हणायचा. चर्चनेही हळूहळू हात सैल केला. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 मध्ये या नात्याचा पसारा कमी केला, पण धर्मबाप-धर्ममाता आणि खरे आईबाप यांच्यातली बंदी ठेवली. चर्चच्या कायद्याच्या 1917 च्या संहितेत ती गेली. 1983 च्या संहितेने लॅटिन चर्चपुरता (कॅथलिक चर्चच्या पाश्चात्त्य शाखेपुरता) हा अडसर पुरताच काढून टाकला.

मी असतो तर 'कोमाद्रे' तसाच ठेवला असता आणि पहिल्या वेळी वाक्यातच उलगडला असता. उदाहरणार्थ: 'बाळाला इनेसने हाती धरले आणि त्या घटकेपासून ती पेद्रोची कोमाद्रे झाली. चर्चच्या लेखी सख्ख्या बहिणीइतकीच अगम्या.' त्यानंतर कितीही वेळा नुसते कोमाद्रे लिहा, वाचक अडणार नाही. कोन्स्तान्साच्या तोंडी तर तो शब्द संबोधन म्हणून फार शोभेल, कारण इनेस तिचीही कोमाद्रेच झाली होती.

प्रश्नाच्या शेवटी ओझरते विचारले आहे की 1355 पर्यंतच्या इनेसला 'रखेल' म्हणावे का. दरबारातला तिचा शत्रू बोलत असेल तर खुशाल म्हणावे. लेखकाने स्वतः म्हणू नये, कारण 'रखेल' म्हटले की लग्न झाले नव्हते हा निकाल लेखकानेच दिल्यासारखे होते, आणि कोइंब्राच्या सभेत भांडण नेमके त्यावरच होते.