जपानच्या शाळेत मुलं नेताय? आधी एवढंच बघा

मॅडम, शाळेच्या मुलांना घेऊन जपानच्या शाळाभेटीला पहिल्यांदाच निघालाय, धास्ती वाटणारच. पण आपली कोल्हापूरची पोरं तिकडं पटकन रुळतात, मी तीनदा बघितलंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दिवस ठासून भरणं. सकाळी शाळा, दुपारी किल्ला, संध्याकाळी बाजार, मग मुलांच्या लक्षात फक्त बस राहते. शाळेला एक अख्खा दिवस द्या. तिथं दारातच बूट काढून आतले वेगळे बूट घालतात. बऱ्याच शाळांत जेवण वर्गातच होतं, वाढपी मुलंच असतात आणि नंतर वर्गही तीच झाडतात. आपल्या मुलांना नुसतं बघू देऊ नका, हातात फडकं द्या. ओळख तिथंच होते.

बाकी थोडक्यात:
- पासपोर्टचं काम आजच काढा.
- शाकाहारी मुलांची यादी आधी कळवा. मासा दिसत नसला तरी बऱ्याचदा रश्श्यात असतो.
- भेट म्हणून मटणाचं लोणचं नको, मांसाचे पदार्थ तिकडं नेता येत नाहीत. छोट्या कोल्हापुरी चपला न्या.
- वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं. घरच्यांना फोनची वेळ ठरवून द्या.

आणि निघण्याआधी मुलांना भवानी मंडप, शाहू महाराज, तालमीची माती यांवर दोन-दोन मिनिटं बोलायला लावा. तिकडची मुलं विचारतात, आणि आपली गप्प बसली की मला फार वाईट वाटतं.

तिकडच्या कुटुंबांच्या घरी राहायची सोय, विमा हे पुढच्या महिन्यात बघू. आधी मुलांची यादी पक्की करा.