एरंड, भोपळा आणि संत जेरोम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे घरी रोजची प्रार्थना झाली की बायबलचा एक उतारा वाचतात. यंदा मी नव्या भाषांतराचं पुस्तक आणलं तर आई रोज कुरकुरते, आमचे शब्द कुठे गेले म्हणून. त्यात ३० सप्टेंबरला फादर प्रवचनात म्हणाले, आज संत जेरोमचा सण, त्यांनी बायबल लॅटिनमध्ये आणलं. आता लॅटिन आमच्या आजोबांनी चर्चच्या मिस्सात ऐकलेली, आम्हाला तीही नाही. मग सोळाशे वर्षांपूर्वीच्या या माणसाचं आज उरलं काय? — एक वाचक, आगाशी

उत्तर : तुमच्या आईंची तक्रार लई जुनी आहे हो, जेरोम जिवंत होते तेव्हाच झाली होती, आणि तीही एका भोपळ्यावरून.

बायबलमधल्या योना संदेष्ट्याची गोष्ट सगळ्यांना त्याला मासा गिळतो तिथपर्यंत आठवते, पण शेवटी तो निनवे शहराबाहेर उन्हात रुसून बसतो आणि देव त्याच्यावर सावली धरायला एक झाड उगवतो, तो भाग कोणाच्या लक्षात नसतो. जुन्या लॅटिन बायबलमध्ये ते झाड म्हणजे भोपळ्याचा वेल होता, कारण ते भाषांतर ग्रीकवरून केलेलं आणि ग्रीकमध्ये भोपळा. जेरोमनी मूळ हिब्रू बघितलं आणि भोपळा काढून आयव्ही नावाची वेल घातली. झालं, उत्तर आफ्रिकेत ओया म्हणून गाव, म्हणजे आजचं लिबियातलं त्रिपोली, तिथल्या बिशपनी हे नवं वाचून दाखवलं तर लोक असे खवळले की बिशपना वाटलं आता आपल्याकडे एक माणूस टिकत नाही. हे त्याच काळातले उत्तर आफ्रिकेतले दुसरे बिशप संत ऑगस्टीन यांनी स्वतः जेरोमना पत्रातून कळवलंय, जरा टोमणा मारूनच.

जेरोमचं उत्तर वाचण्यासारखं आहे. ते म्हणतात हिब्रूतला शब्द भोपळाही नाही आणि आयव्हीही नाही, ते एक झुडूप आहे, द्राक्षासारखी रुंद पानं, दाट सावली, वाळूत उगवतं, बी टाकलं की काही दिवसांत झाड होतं, आणि वेलासारखा आधार लागत नाही, आपल्या खोडावर उभं राहतं. लॅटिनमध्ये त्याला नावच नाही म्हणून आयव्ही लिहिलं. वर्णन वाचून तुम्हाला कळलंच असेल, आपल्या वाडीच्या कडेला वाढतो तो एरंड! आजचे पुष्कळ अभ्यासकही एरंडच म्हणतात. जेरोम वसईत असते तर एका शब्दात काम झालं असतं. वर त्यांनी विरोधकांना चिमटाही काढलाय की भोपळे गेले तर यांनी चोरून प्यायचं कशातून, आणि ज्यांनी ताडी काढणाऱ्याच्या कमरेला कोरलेला भोपळा बघितलाय त्यांना हा विनोद समजावायला नको. माणूस तिखट होता. टीका करणाऱ्यांना त्यांनी दोन पायांची गाढवं म्हटलेलं आहे, संत झाले तरी.

आता उरलं काय म्हणाल तर माझ्या मते हीच खोड उरली, मूळ ग्रंथापाशी जायची. ३८२ साली पोप दमासस यांनी त्यांना काम दिलं ते फक्त जुनं लॅटिन तपासून सुधारायचं, भाषांतरात इतके पाठभेद झाले होते. पण जेरोम पुढे बेथलेहेमला राहिले, पौला नावाच्या श्रीमंत रोमन विधवेने तिथे मठ बांधायला पैसा दिला, ती स्वतः हिब्रू शिकून स्तोत्रं हिब्रूत म्हणायची, आणि जेरोम एका यहुदी गुरूकडे रात्री शिकायचे कारण दिवसा यायची त्या गुरूला भीती होती. त्या काळात हिब्रू जाणणारा ख्रिस्ती विद्वान म्हणजे दुर्मीळच. त्यातून जुना करार हिब्रूवरून लॅटिनमध्ये आला, पुढे सगळ्या ग्रंथाला वल्गाता म्हणायला लागले. १५४६ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने तोच अधिकृत ठरवला आणि त्याच्या शंभरेक वर्षं आधी युरोपात छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गने छापला तोही हाच.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं ती हीच वाट, आणि आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ते तर आपल्या घराघरात आहे.

आईंना मात्र एक गंमत सांगा. जेरोमनी स्तोत्रं हिब्रूवरून नव्याने केली पण लोकांनी ती घेतलीच नाहीत, त्यांच्याच आधीच्या, ग्रीकवरून केलेल्या स्तोत्रांची तोंडाला सवय झालेली, मग वल्गातामध्ये तीच राहिली. आईंचा पक्ष तिथे जिंकला.

प्रश्न : मुलगा क्रूझवर आहे, त्याने रोमहून मायकेलँजेलोच्या मोशेचा फोटो पाठवला. डोक्याला शिंगं कशी? — नालासोपारा

उत्तर : तेही जेरोमच. बायबलमधला मोशे देवाच्या आज्ञा घेऊन डोंगरावरून उतरला तेव्हा चेहरा तेजाने झळकत होता, पण हिब्रूत तिथे जो शब्द आहे तो शिंग या शब्दाच्याच कुळातला, जेरोमनी शिंग घेतलं आणि पुढे चित्रकार, मूर्तिकार कित्येक शतकं शिंगं काढत बसले. चूक म्हणा किंवा अतिप्रामाणिकपणा म्हणा, मला दुसरं वाटतं.

प्रश्न : कॅलेंडरवर जेरोमच्या पायाशी सिंह असतो, खरंच पाळला होता का? — एक विद्यार्थिनी, निर्मळ

उत्तर : नाही गं. काटा काढलेल्या सिंहाची गोष्ट गेरासिमस नावाच्या दुसऱ्या साधूची, नावं जवळची म्हणून जेरोमना चिकटली. लाल टोपीचंही तसंच, ती कार्डिनलची आणि त्यांच्या काळात तशी टोपी नव्हतीच. कॅलेंडर मात्र काढू नकोस, चित्र छान असतं.