एस्टोनियाची लोकपरंपरा: सुरुवात ‘कालेविपोएग’ने करू नका

नव्याने आलेला जो तो आधी ‘कालेविपोएग’ हे महाकाव्य हातात घेतो. मीही तेच केलं आणि फसलो. वाचायचं जरूर, पण ते क्रॉइट्झवाल्ड या एस्टोनियन लेखकाने १८५७ ते १८६१ दरम्यान लोककथांच्या आधारे रचलेलं काव्य आहे. त्यातली प्रत्येक ओळ लोकांच्या तोंडची समजलात तर पुढे सगळा घोळ होतो.

आधी रेगिलाउल, म्हणजे एस्टोनियाची जुनी लोकगीतं, ऐका. एक बाई ओळ म्हणते, तिच्या शेवटच्या शब्दांवर बाकीच्या सूर मिळवतात आणि तीच ओळ पुन्हा गातात. पुढची ओळ बऱ्याचदा तेच वेगळ्या शब्दांत सांगते. जात्यावरच्या ओव्या कानावर पडलेल्या माणसाला हे लांबचं वाटणार नाही. भाषा कळली नाही तरी चालेल, चाल अंगात भिनू द्या.

मग क्रात्ताकडे, म्हणजे लोककथांतल्या जिवंत होणाऱ्या बाहुल्याकडे, वळा. जुनी अवजारं, गवत, मोडका झाडू जोडून मालक बाहुला करतो, सैतानाला तीन थेंब रक्त देतो आणि बाहुला त्याच्यासाठी चोऱ्या करू लागतो. त्याला काम मात्र सतत हवं, नाहीतर तो मालकावरच उलटतो. सुटका हवी तर अशक्य काम सांगायचं: पावाची शिडी कर! (मला हा फार आवडतो.)

हे सगळं टिकलं कसं? लोकसाहित्य गोळा करणाऱ्या याकोब हुर्टने १८८८ मध्ये लोकांना जुनी गाणी-गोष्टी पाठवण्याचं आवाहन केलं आणि गावोगावच्या माणसांनी त्या लिहून पाठवल्या. सुमारे १,१५,००० पानं जमली. १९८८ ची ‘गाती क्रांती’, म्हणजे गाणी गात सोव्हिएत सत्तेविरुद्ध उभी राहिलेली स्वातंत्र्याची चळवळ, त्यानंतर वाचा.