सव्वाअकरा लाखांची झोप

प्रश्न होता: आईवडील, बायको, मुलं असं सगळं कुटुंब घेऊन अमेरिकेला जायचं आहे. सगळ्यांना बिझनेस क्लासने नेणं ही निव्वळ उधळपट्टी आहे का?

घ्या तिकीट. परवडत असेल तर निदान दुखऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी डोळे झाकून घ्या, फक्त पाहुण्यारावळ्यांत आकडा फोडू नका. मी फोडला, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक कार्यात तो आकडा अजून भातावरच्या वरणासारखा वाढला जातोय.

सव्वाअकरा लाख. हा फक्त फरक बरं का. २०२३ च्या मे महिन्यात आण्णा, आई, मी, बायको आणि तेरा वर्षांची मुलगी असे पाच जण आम्ही सांगलीहून ह्यूस्टनला धाकट्या भावाकडे गेलो. इकॉनॉमीचं जाऊन-येऊन माणशी १ लाख १५ हजार होत होतं, बिझनेसचं ३ लाख ४०. परत आल्यावर भावाच्या वास्तुशांतीचे फोटो बघायला सगळे ताईकडे जमले. तिथं आमच्या दाजींनी मोबाइलवर वजाबाकी केली, पाचानं गुणलं आणि म्हणाले, "सव्वाअकरा लाखांची झोप! अहो, झोपेची गोळी पाच रुपयाला मिळते." सगळे हसले, मीही हसलो. मग म्हणाले, "आणि आण्णांना कुठं कळतंय कुठला क्लास आहे ते?" तिथं मात्र मला हसू आलं नाही.

दाजींना हे बोलायचा अधिकार का नव्हता ते आधी सांगतो, मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

२०१६ ला आई-आण्णा पहिल्यांदा गेले तेव्हा तिकिटं दाजींनीच काढून दिली होती. माणूस हौशी, इंटरनेटवर रात्र रात्र बसून कुठून तरी स्वस्तातलं हुडकणार. दोनदा विमान बदलायचं आणि मधे एका विमानतळावर अकरा तास बसायचं. दोघांचे मिळून बावीस हजार वाचले. आईचा मणका तेव्हाच सरकलेला होता, पण जावयानं कौतुकानं काढलेली तिकिटं, ती काय बोलणार? पोचल्यावर भावाच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून आठ दिवस पडून होती. बाथरूमला जायचं तर भिंत धरून. आठवड्याच्या नातवाला मांडीवर घेता येईना म्हणून रडली, हे मला भावजयीनं नाही, भावानंही नाही, खुद्द आईनं २०१८ ला मिरजेत ऑपरेशनच्या आदल्या रात्री सांगितलं. त्या बावीस हजारांचा गुणाकार मात्र कुणी मोबाइलवर करत नाही.

तर या खेपेला ठरवलं, आईला आडवी करून न्यायची.

आता प्रवासाचा दिवस. विमान पहाटे चारचं, आम्ही सांगली सोडली आदल्या दिवशी दुपारी बाराला. मुंबई पावणेचारशे किलोमीटर. आमच्या जिल्ह्याला विमानतळ नाही, कवलापूरच्या धावपट्टीच्या गप्पा मी चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. कोल्हापूरच्या विमानाची वेळ जुळेना. आण्णांचा आग्रह महालक्ष्मी एक्स्प्रेसचा, कारण त्यांनी आयुष्यभर मुंबई त्याच गाडीनं गाठली, पण ती पोचते सकाळी. राहिली मोटार. आष्टा सोडून पेठ नाका येईपर्यंत आईनं दोन्ही हातांनी खिडकीवरची कडी धरलेली. तेव्हाचा तो रस्ता ज्याला माहीत आहे त्याला वर्णनाची गरज नाही. कराडला चहा, खंबाटकीचा बोगदा, पुण्यात नवले पुलापासून वाकडपर्यंत गोगलगाय, मग एक्स्प्रेसवे. मुंबईत शिरायला दहा वाजले. एवढे पैसे मोजलेल्या प्रवासात कमरेला सगळ्यात वाईट हे दहा तास गेले, आणि त्याला बिझनेस क्लास नसतो.

हे मी उगाच सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली अभ्यास करून सांगितलंय की चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. विमानच असं नाही. मोटार, बस, रेल्वे सगळ्याला लागू. मुळात धोका थोडा, सहा हजारांत एखाद्याला, पण म्हाताऱ्या माणसानं दहा तास मोटारीत बसून लगेच विमानात बसायचं म्हणजे उगाच विषाची परीक्षा. आदल्या दिवशी पनवेलला, नाहीतर मुंबईत पाहुण्यांकडे मुक्काम करा. ते हॉटेलचे चार हजार माझ्या सव्वाअकरा लाखांपेक्षा जास्त कामाला येतील.

विमानतळावर दोन घोळ झाले, दोन्ही आमच्याच अकलेनं.

पहिला, आईनं मोठ्या बॅगेत खोबऱ्याच्या वाट्या भरलेल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातलं तेल तापून आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात धरतात. बॅग उघडली, वाट्या गेल्या. भडंग राहिलं.

दुसरा घोळ म्हणजे हळद. आमची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. २००५ च्या पुरात हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, बुडाली तेव्हा आण्णा तीन दिवस जेवले नव्हते, असा हा माणूस. भावाच्या घरी जाताना हळद न्यायची ती त्यांच्या हातातल्या पिशवीतूनच. २०१६ ला दोन किलो नेली होती, कुणी हू का चू केलं नाही. पण २०१८ ला दोन गोष्टी झाल्या. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि अमेरिकेनं केबिनमधल्या पावडरीवर नियम आणला. तिकडं जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पावडर हातात असली की वेगळी तपासणी होते, आणि ती काय आहे हे पटलं नाही तर काढून घेतात. आखातात विमान बदलताना आण्णांना बाजूला घेतलं. तो तरुण अधिकारी पुडी वरखाली करतोय. आण्णांनी शांतपणे पुडी सोडली, चिमूटभर हळद डाव्या तळव्यावर घेतली, अंगठ्यानं चोळली आणि सौद्यात व्यापाऱ्यापुढं हात करतात तसा तळवा त्याच्या नाकाखाली धरला. त्यानं वास घेतला. घेऊन हसला, पण पुडी ठेवूनच घेतली. आण्णा पुढं सोळा तास पिवळा तळवा घेऊन बसले, धुतला नाही. तुम्ही हळकुंडं न्या, दळायला तिथं मिक्सर असतो. किंवा सरळ मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेला इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी २३-२३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, बिझनेसमध्ये ३२-३२ च्या.

आता विमानाबद्दल. पहिलं साडेतीन तासांचं विमान जुनं निघालं. सीट आडवी होते म्हणायचं, पण उतरती. आई पायाकडे घसरत होती आणि मुलगी तिला काखेत हात घालून वर ओढत होती. कुठल्या फेरीला कुठलं विमान आहे ते बघूनच तिकीट काढा, नुसत्या 'बिझनेस' शब्दावर जाऊ नका.

दुसरं नवं. तिथं सीट पूर्ण सपाट होते. बाईनं येऊन गादी अंथरली, उशी दिली. आईनं चपला काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, पिशवीत ठेवल्या, पिशवी उशाला घेतली. कुशीवर झाली, गुडघे पोटाशी घेतले. पाच मिनिटांनी मी बघितलं तर डोळे उघडे. म्हणाली, "पाठ टेकली रे." झोपली नव्हती, नुसती पाठ टेकल्याचा आनंद घेत होती. या एका वाक्यासाठी मी परत पैसे देईन. दाजी, ही ती झोप.

पण आण्णा? आण्णा सोळा तास ताठ बसून होते. ती बाई तीनदा गादी घालायला आली, तीनदा त्यांनी पिवळा हात हलवला. मी गेलो, म्हटलं, आण्णा, आडवे व्हा की. म्हणाले, "एवढं पैसं देऊन झोपू व्हय? बघू दे की." समोर नकाशावर विमानाचं चित्र सरकत होतं, ते बघत बसले. मधे उठून काठी टेकत मागच्या टोकापर्यंत फेरी मारून आले. आल्यावर मला हिशोब सांगितला: पुढं बेचाळीस खुर्च्या, मागं तीनशेच्या वर. आपलं तिकीट मागच्याच्या तिप्पट. म्हणजे ही बेचाळीस माणसं मागच्या सव्वाशे माणसांएवढा पैसा देतात. "ह्येंचा धंदा आपल्या जिवावर चाललाय. मागचा माल स्वस्तात जातोय त्यो आपल्यामुळं." पंचावन्न वर्षं अडत केलेला माणूस. लांब पल्ल्याच्या अशा विमानांचं गणित खरोखरच बऱ्याच अंशी पुढच्या खुर्च्यांवर उभं असतं, आणि ते त्यांनी काठी टेकत एका फेरीत काढलं. आण्णांना कुठला क्लास ते कळत नाही म्हणे!

आता जे कबूल करायला जड जातं ते. नव्या विमानात प्रत्येकाला स्वतंत्र खोकं असतं, बाजूला भिंत, तोंड खिडकीकडे. मी हौसेनं आईला खिडकीची सीट घेतली होती. त्या खोक्यातून तिला आमच्यापैकी एकही जण दिसत नव्हता. बोलायला शेजारी कोणी नाही, आणि बटण दाबून परक्या बाईला बोलवायची तिला लाज. तीन-चार तासांनी डोळा लागलाय तोच कुणीतरी माझ्या पायाचा अंगठा हलवला. आई पायमोज्यांवर उभी. "झोपलास व्हय? प्रत्येकाला वेगळी खोली दिल्यागत झालंय की रे." मग बायको तिच्या जागी गेली आणि आई माझ्या शेजारी मधल्या जोडीत आली, मधली भिंत खाली केली, आणि तिनं माझं मनगट धरून ठेवलं. हा वर्ग कामासाठी एकट्यानं फिरणाऱ्या माणसाला धरून बांधलेला आहे. कुटुंब म्हणून जाणार असाल तर म्हाताऱ्या माणसाला मधल्या जोडीतली सीट घ्या, खिडकी नको. मागं इकॉनॉमीत तीन सीटच्या रांगेत आई दोघांच्या मधे बसून जास्त खूश राहिली असती. कमरेनं मात्र वाट लावली असती.

जेवणाचं थोडक्यात: शाकाहारी जेवण आधी सांगावं लागतं, पुढच्या वर्गातही. निदान एक दिवस आधी. आमच्या एजंटानं चौघांचं सांगितलं, आण्णांचं राहिलं. भडंगावर भागलं.

पोचल्यावर आई व्हीलचेअरमधून स्वतः उठली आणि भावाच्या गाडीपर्यंत चालत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला जाग आली म्हणून तिनं कणीक मळली. २०१६ च्या आठ दिवसांची आणि या कणकेची किंमत तुम्हीच काढा.

तरीही सगळ्या पाचांनी पुढं बसायची गरज नव्हती. मुलगी सिनेमे बघत होती, ते तिनं मागंही बघितले असते. मी आणि बायको आळीपाळीनं उठतच होतो. खरी गरज होती आईला आणि तिच्याजवळ एका माणसाला. बाकीच्यांचे पैसे मी दाजींना दाखवायला घातले, हे माझ्या बायकोचं मत आहे आणि मी ते खोडून काढू शकलेलो नाही. व्हीलचेअर कुठल्याही वर्गात फुकट मिळते, फक्त दोन दिवस आधी सांगून ठेवा. म्हातारी माणसं धडधाकट असतील, किंवा विमान दिवसाचं असेल, तर घेऊ नका. कर्ज काढून तर अजिबात नको. तिकिटावर इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी आहे. पुढच्या वर्गांना आम्ही गेलो तेव्हा १२ होता, २०२५ च्या सप्टेंबरपासून १८ झालाय, तो हिशोबात धरा. आणि दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण पुढं बसा नाहीतर मागं, केबिनमधली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तेवढी विरळ असते. आपलं महाबळेश्वर साडेतेराशेवर आहे.

दाजींशी या विषयावर माझं बोलणं बंद आहे. आण्णांनी मात्र गेल्या दिवाळीत भर पंगतीत त्यांना सांगितलं, "पैसं जास्तच घेतलं त्यांनी." दाजी माझ्याकडं बघून हसले. मग आण्णांनी विचारलं, "पण जावईबापू, तुम्ही रस्त्याच्याच कामातलं. सांगली-पेठ एवढं आपटत कसं काय गेलो वो आम्ही?" दाजींनी भात मागितला.