जपानच्या खेड्यात एकटीने जायचंय, कुठे जाऊ?

प्रश्न: जपानला एकटीच चाललेय, टोकियो-क्योटो झालं की खेड्यात राहायचंय, जुनी घरं, हस्तकला असं काहीतरी. मी शाकाहारी आहे, जमेल का?

उत्तर: ताई, बिनधास्त गोकायामाला जा, तोयामा प्रांतातला डोंगराळ भाग आहे, जुन्या घरांची गावं आहेत तिथे. तशाच घरांचं शेजारचं शिराकावा-गो गाव जास्त फेमस आहे पण दिवसा तिथे टूरिस्टांची फार गर्दी असते, आणि गोकायामातली आइनोकुरा आणि सुगानुमा ही गावंसुद्धा १९९५ मध्ये त्याच्याबरोबरच युनेस्कोच्या यादीत आली, तरी बरीच शांत आहेत. गवताची छपरं इतकी उभी की बर्फ घसरून पडतो, वर माळ्यावर पूर्वी रेशमाचे किडे पाळायचे आणि खाली जमिनीत चक्क बंदुकीच्या दारूसाठी सोरा बनवायचे! आइनोकुरात अशाच घरात मुक्काम करता येतो, रात्रीचं जेवण घरातल्या चुलाण्याजवळ, मला तरी हॉटेलपेक्षा हेच शंभरपट आवडतं. वाशी म्हणजे जपानी हातकागद, तो स्वतःच्या हाताने बनवून बघाच, आणि सप्टेंबरअखेरीस जात असाल तर २५-२६ला गोकायामातल्याच कामिनाशी गावात कोकिरिको या जुन्या लोकगीताचा उत्सव असतो, तो चुकवू नका.

जेवणाचं मात्र बुकिंग करतानाच लिहून कळवा, कारण भाजीच्या रश्शातही माशाचा स्टॉक असतो. शिन-ताकाओका स्टेशनवरून थेट बस आहे, रोख येन जवळ ठेवा.